तपासनीस काका आणि बंद पडणारा डबा

आयुष्यात मी भिंतीत दोनच स्क्रू सरळ बसवले, आणि त्या दोन स्क्रूंनी आमच्या सोसायटीतला एक माणूस थेट कॅनडाला पोचवला. एरवी मी ठोकलेला खिळा भिंतीपेक्षा माझ्या अंगठ्यालाच जास्त लागतो. त्यामुळे त्या दिवशी मी फारच खुशीत होतो. पण ते सांगण्याआधी तपासनीस काकांबद्दल सांगायला हवं.

काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांनी केलेली वस्तू हातात घ्यायची, उलटीसुलटी करायची आणि 'पास' किंवा 'नापास' म्हणायचं, यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, खातं सुटलं नाही. ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून जिन्याचा कठडा, दुधाची पिशवी, सोसायटीच्या अध्यक्षांचं भाषण, सगळं त्यांच्या हाताखालून जाऊ लागलं. एकदा गणपतीत मी गाणं म्हटलं. टाळ्या थांबेपर्यंत काका थांबले आणि म्हणाले, "आवाज ठीक. गाणं नापास. पण टाळ्या कोणी वाजवल्या, त्यांना आधी तपासलं पाहिजे." आमच्या घरातला फक्त बायकोचा चहा पास झाला होता. मी म्हणजे फेरतपासणीसाठी बाजूला ठेवलेला माल.

आमचा संगणक मूळचा मुलाचा; त्याने लॅपटॉप घेतल्यावर तो माझ्याकडे आला. म्हणजे वारसाहक्क उलट्या दिशेने लागू झाला. काका त्याला 'डबा' म्हणत. तो सुरू केला की थोडा वेळ बरा चालायचा आणि मग न सांगता, न कुरकुरता मान टाकायचा. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, नवा घ्या. दुरुस्तीचा हा एकच प्रकार आता शहरात उरला आहे.

"हात लावायचा नाही," काकांनी दटावलं. "आधी निरीक्षण."

निरीक्षण आठवडाभर चाललं. काका खुर्ची ओढून डब्यासमोर बसत. पहिला संशय त्यांनी लिफ्टवर घेतला. दुसरा खालच्या पिठाच्या गिरणीवर. तिसरा माझ्यावर. "अहो विमावाले, बटण दाबताना तुम्ही श्वास का रोखून धरता?" (मी विमा कंपनीत आहे. त्यांच्या लेखी मला दुसरं नाव नव्हतं.) शेवटी एक दिवस त्यांनी बायकोला विचारलं, "वहिनी, याला हा झगा कोणी घातला?"

आमच्याकडे मिक्सरला कव्हर आहे, इस्त्रीला कव्हर आहे, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा आहे. जुन्या पडद्याचं, झालर लावलेलं एक कव्हर डब्यालाही होतं, आणि पुण्यातल्या धुळीच्या धास्तीने डबा चालू असतानाही मी ते काढत नसे.

"अहो, गुदमरून बेशुद्ध पडतोय तो," काका म्हणाले. "तुम्हाला मे महिन्यात रजईत गुंडाळून ऑफिसला पाठवलं तर?"

कव्हर उतरलं. डब्याची बाजू उघडली. आतल्या पंख्यावर साठलेली धूळ काकांनी सायकलच्या पंपाने उडवली, ती माझ्या तोंडावर बसली. डबा दिवसभर अखंड चालला. "पास," काका म्हणाले, आणि मला वाटलं, विषय संपला.

पण मग रविवार आला. काकू गेल्यापासून काका एकटे. लेक अनघा कॅनडात. दर रविवारी सकाळी तिच्याशी व्हिडिओवर बोलायला ते आमच्या डब्यासमोर येऊन बसत, कारण फोनवर लेक पुरती दिसत नाही, अशी त्यांची तक्रार. "नाक आलं की कपाळ जातं." अनघाचा एकच धोशा होता, बाबा, फ्लॅट विका आणि इकडे या, मला इथे झोप लागत नाही. काकांना जायचं नव्हतं. आम्हाला ते रोज सांगत. तिकडचा बर्फ नापास, दूध नापास, आणि खडकवासल्याचं पाणी प्यायलेल्या माणसाने दुसरं पाणी का म्हणून प्यावं, हे त्यांनी सोसायटीच्या सभेतही विचारलं होतं. पण साऱ्या जगाला तोंडावर नापास करणाऱ्या या माणसाची मुलीपुढे जीभ उचलत नसे. "बघू," एवढंच म्हणत.

त्या रविवारी अनघा म्हणाली, "बाबा, आज मला हो की नाही ते सांगा." आणि पडदा काळा झाला.

"गुप्त दोष," काका शांतपणे म्हणाले. "आहे अजून एक. मी शोधतो. तुम्ही मध्ये पडू नका."

"पुन्हा लावू का कॉल?"

"राहू द्या. तिकडे रात्र झालीय. झोपू दे तिला."

त्या गुप्त दोषाच्या शोधात कित्येक रविवार गेले. सोमवार ते शनिवार डबा गुणी मुलासारखा वागे, आणि रविवारी अनघाचा प्रश्न आला की मान टाके. मी हे काकांना बोलूनही दाखवलं. "रविवारी सगळी सोसायटी इस्त्री करते," ते म्हणाले. "वीज पुरणार कुठून?" मला ते पटलं. मला पटतं. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असायची आणि चकार शब्द बोलायची नाही. ती अस्सल पुण्याची. ती गप्प आहे, यावरूनच मला शंका यायला हवी होती.

मग मी स्वतः विचार केला. आमच्या घरात याचे परिणाम सहसा चांगले होत नाहीत. संगणकाच्या वायरी ज्यात खोचलेल्या होत्या, तो विजेचा बोर्ड टेबलाखाली जमिनीवर पडलेला असे. फरशी पुसताना त्याला धक्का लागत असणार, प्लग ढिला होत असणार! बायको भाजीला गेल्यावर मी काकांकडूनच ड्रिल मागून आणलं.

"फोटो लावताय वाटतं?" काकांनी विचारलं.

"गंमत आहे," मी म्हणालो.

बोर्ड टेबलाच्या वर, भिंतीवर गेला. दोन स्क्रू, दोन्ही सरळ. बायको परत आली, तिने बोर्डाकडे पाहिलं आणि पिशवी तशीच हातात धरून म्हणाली, "हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" कौतुकाची ही पुणेरी पद्धत असावी असं समजून मी लाजलो.

रविवारी काका येऊन बसले. अनघा दिसली. खाणंपिणं, तब्येत, सगळं विचारून झालं. "बाबा, आता टाळू नका. येताय ना?"

काकांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांचा उजवा पाय टेबलाखाली हळूहळू फिरू लागला. इकडे, तिकडे, पार भिंतीपर्यंत.

"काका, चप्पल शोधताय का?" मी विचारलं.

"नाही."

मी अभिमानाने वर बोट दाखवलं. बोर्डाचा लाल दिवा लागलेला होता. काका त्या दिव्याकडे बघत राहिले.

"बाबा? ऐकू येतंय ना?"

"येतंय," काका म्हणाले. "स्वच्छ येतंय." डबा चालूच होता. आतला पंखासुद्धा कधी नव्हे इतका खणखणीत फिरत होता. "बरं. येतो मी."

न तपासता काकांनी पास केलेली ती पहिलीच गोष्ट. अनघा तिकडे आनंदाने रडायला लागली. काका उठले, बोर्ड हलवून पाहिला, स्क्रूंवरून अंगठा फिरवला. "काम पास," ते मला म्हणाले. इतक्या वर्षांनी पास झालो! मी संध्याकाळपर्यंत जमिनीवर नव्हतो.

निघायच्या दिवशी त्यांनी ड्रिल माझ्या हातात ठेवलं. "असू द्या. तिकडे भिंती लाकडाच्या असतात म्हणे." मग बायकोकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही कधी काही बोलला नाहीत." ती नुसती वाकून पाया पडली.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मी विचारलं, "काय बोलली नाहीस तू?"

"अहो, बोर्डाचं बटण ते पायाच्या अंगठ्याने बंद करायचे, उठताना पुन्हा चालू. दर रविवारी. मी दारातून बघायची."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दुरुस्त केलं असतंत."

पुढे एका रविवारी काकांचा कॉल आला. घरात बसूनही कानटोपी घातली होती. बर्फ कसा आहे? ठीक आहे. दूध? ठीक आहे. पाणी? तेही ठीक. 'ठीक' हा शेरा पूर्वी माझ्या आवाजाला मिळाला होता, त्यामुळे त्याची किंमत मला ठाऊक होती. मग एकदम पुढे वाकून, जुन्या उत्साहाने त्यांनी विचारलं, "काय विमावाले, डबा पडतो का हो बंद अधूनमधून?"

"छे!" मी छाती फुगवून सांगितलं. "बोर्ड वर घेतल्यापासून एकदासुद्धा नाही."

"असं का," काका म्हणाले. "छान." आणि मागे टेकून बसले. थोड्या वेळाने अनघाने त्यांना जेवायला हाक मारली.

मी डबा बंद करून त्यावर कव्हर घातलं. बायको कप उचलत होती.

"'पडतो' म्हणाला असतात," ती म्हणाली, "तर पुढच्या रविवारपर्यंत त्यांना काम मिळालं असतं."