रेंज होती

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, मामाला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, पण आधीच बोलून ठेवतो — "जाऊ दे रे, झालं ते झालं" असं म्हणायचं असेल तर इथेच थांबा. मला ते ऐकायचं नाहीये.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. बाबा गेले आणि मामाने मला कुडाळहून विक्रोळीला आणलं. चाळीतल्या आपल्या खोलीत जागा दिली, साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये मशीनवर लावलं. मामीने मला स्वतःच्या पोरांआधी वाढलं — खोटं कशाला बोलू? आजही मामा नुसता खाकरला तरी मला वाटतं, आपलं काही चुकलं की काय.

माझ्या पगारावर धाकटी बहीण वैशू बारावी झाली. नर्सिंगला तिचा नंबर लागला. आणि त्याच महिन्यात मामाने तिच्यासाठी स्थळ आणलं.

वैशूचा फोन आला. "दादा, मामासमोर माझा कोण आयकतला? तू नको म्हण. तू म्हटलंस तर आई थांबतली." मी म्हटलं, म्हणतो. शब्द दिला — मीच.

बैठकीसाठी मामा आधीच गावी पोचला. मला सुट्टी मिळाली ती नेमकी त्या दिवसाची, आणि मी पोचेपर्यंत पाहुणे परत जाणार. म्हणून ठरलं, मला गाडीतच व्हिडिओ कॉल करायचा. आता कोकणची गाडी म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, बोगदा आला की फोन मेला. मी काय काय केलं नाही? दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलं, जादा नेट मारलं, पॉवर बँक घेतली, एका काकांना विनवून खिडकीची जागा मिळवली. वैशूचा सकाळपासून एकच मेसेज — रेंज धरून ठेव.

धरली की. चिपळूण सोडलं आणि फोन वाजला. इतकं स्वच्छ चित्र आमच्या खोलीतसुद्धा कधी आलं नव्हतं. चटईवर पाहुणे, मध्ये मामा, मागे माजघराच्या दारात वैशू. आईने विचारलं, "झिला, तुजा काय म्हणणा?"

मामा माझ्याकडे बघत होता. रागाने नाही हो — विश्वासाने. तेच नडलं.

मी गोठलो. — नाही, असं म्हटलं तर ते आपोआप घडल्यासारखं वाटेल. मी गोठल्याचं सोंग केलं. तोंड अर्धवट उघडं, पापणी हलू न देता, श्वास धरून. कॉल अडकला की माणूस कसा दिसतो, तसा. हेच सांगायचं होतं.

आवाज सगळा येत होता. "बोगदो इलो वाटता," कुणीतरी म्हणालं. मग मामा, "तो माज्या शब्दाभायर नाय. फोडा सुपारी." सुपारी फुटलेली मी ऐकली. मग फोन बंद केला.

आई अजून सांगते, त्या बोगद्यान घात केल्यान. मी मान डोलावतो.

लोक म्हणतात, वैशूचं चांगलंच झालं. नवरा सरळ आहे, मुलुंडला स्वतःचं घर आहे. असेल. मग? म्हणून माझं सोंग चांगलं ठरलं? मामाचे उपकार माझ्यावर होते, वैशूवर नव्हते. ते फेडायला मी तिला पुढे केलं. घाबरलो होतो म्हणून सुटायचं म्हटलं, तर घाबरलेली तीही होती — तरी तिने मला फोन केला होता ना?

आणि एक राहिलं. फोन बंद करायच्या आधी मी बघितलं — वैशू दारातून पुढे आली. बाकी सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तिने वाकून निरखलं, माझ्या खांद्यामागे कुठेतरी, आणि आत निघून गेली. माझ्या खांद्यामागे गाडीची खिडकी होती. खिडकीत झाडं पळत होती.

तिने मला कधी विचारलं नाही. फक्त आजही व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता मी जरा गप्प झालो, की ती स्क्रीनच्या जवळ येते आणि म्हणते, "दादा, जरा हल बघू."

मी हात हलवतो.