ड्रिलमधून सूट

“डॉक्टर, यावर सही तेवढी करा,” म्हणत सरूकाकूंनी टेबलावर कागद ठेवला. मागे त्यांचा धाकटा, वसंता. सतरा वर्षांचा, मॅट्रिकच्या वर्गातला, चांगला गुबगुबीत. एक जिना चढून धापा टाकत होता. ड्रिलमास्तर मैदानाला फेऱ्या मारायला लावतात, म्हणून मेडिकल सर्टिफिकेट हवं होतं.

नौपाड्यात माझी प्रॅक्टिस नवी होती. काकूंचा थोरला मुलगा दोन वर्षांपूर्वी क्षयाने गेलेला. त्या काळी आम्हा डॉक्टरांना धास्ती असायची ती बारीक मुलांची. वजन घटलं की क्षयाची शंका, वाढलं की निर्धास्त. काकू दर महिन्याला वसंताला माझ्या काट्यावर उभं करत आणि मी म्हणे, “वा, छान!” साजूक तूप आणि विश्रांती मीच लिहून दिली होती.

“शाळा सुटल्यावर काय करतोस रे?”

“टॉकीजमध्ये बसतो. मामा मॅनेजर आहेत ना! रविवारी तिन्ही खेळ.”

“उन्हात तरी हिंडत नाही,” काकू म्हणाल्या. “बरोबर लाडू देते मी. उपाशी कशाला बसायचं?”

मी हसलो आणि सही ठोकली. वर्षभर सूट.

आठ महिन्यांनी वसंता आला तो मान वाकडी करून. मानेवर काळपुळी, म्हणजे अनेक तोंडांचं, खोलवर पिकणारं गळू. मी पेनिसिलीन सुरू केलं. तीन दिवस झाले तरी उतार नाही. तेव्हा कुठे मला सुचलं.

“तहान फार लागते का रे?”

“हो ना! खेळात चारदा उठावं लागतं. पाण्याला आणि लघवीला. नेमका चांगला सीन जातो.”

मधुमेह हा पन्नाशीच्या, बैठ्या कामाच्या माणसांचा आजार, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. हा मुलगाही दिवसचे दिवस बसूनच होता, हे काही मला दिसलं नाही. तपासणी अगदी साधी. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. साखर असेल तर रंग बदलतो. तो विटेसारखा लाल झाला.

त्याच दिवशी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. इन्सुलिन दिलं, गळू कापलं. पण विष रक्तात भिनलं होतं. सहाव्या दिवशी वसंता गेला.

महिन्याभराने काकू दवाखान्यात आल्या. बसल्या नाहीत.

“थोरला वाळून गेला, म्हणून याला वाळू दिलं नाही. मग चुकलं कुठे, डॉक्टर?”

“नशीब, काकू,” मी म्हणालो. ते खोटं होतं. चुकलं होतं माझ्याच टेबलावर, आणि ते सांगायचं धैर्य मला झालं नाही. आजही त्याची लाज वाटते.

पुढे प्रॅक्टिस संपेपर्यंत, ड्रिलमधून सूट मागायला आलेल्या प्रत्येक गुबगुबीत मुलाची मी आधी लघवी तपासली. साखर नसेल तर सरळ मैदानावर धाडलं. आया रागावायच्या. मी रागावू देत असे.