दहा पावलं

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, गावाला पाणी सोडायचे. जमिनीखालचे दोनशे बारा व्हॉल्व्ह कुठे आहेत हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. अर्धे तर डांबराखाली गेलेले. दाजी खांद्यावर लांब चावी टाकून यायचे, कुणाच्या तरी पायरीपासून पावलं मोजायचे, टाच ठोकायचे आणि म्हणायचे, "इथं खणा." एकदा माझं त्यांच्याशी वाजलं, तर आमच्या गल्लीत चार दिवस पाणी नव्हतं. शेवटी आईनं त्यांच्या हातापाया पडून ते आणलं. ते मी विसरलो नाही.

त्यांची नोकरी कंत्राटी, दर वर्षी कागद नवा व्हायचा. यंदा नवे साहेब आले. त्यांना पाणीखात्याच्या वेबसाइटवर नकाशा हवा होता. पिनेवर बोट ठेवलं की व्हॉल्व्हचा नंबर आणि पाण्याची वेळ दिसली पाहिजे. खात्यात संगणकावर मी बसतो, म्हणून दाजींना शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

"मला ते प्रोग्रॅमिंग-बिमिंग येत नाही हां."

"लागतच नाही. पिन उचला, जागेवर सोडा, नाव लिहा, रंग निवडा. बटण दाबलं की वेबसाइटवर."

तिसऱ्या दिवशी ते एका बोटानं भराभर पिना लावत होते. मला वाटलं, म्हातारा रमला. कसला रमतोय! प्रत्येक पिन त्यांनी खऱ्या जागेपासून दहा पावलं सरकवून लावली होती. अडलं की आपल्याच दारात येतील, हा बेत. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

नकाशा पूर्ण झाला आणि साहेबांनी सांगितलं, यंदा कागद नवा होणार नाही. दाजी हसतच घरी गेले.

आठवड्याच्या आत मोठी पाइपलाइन फुटली, तीही त्यांच्याच गल्लीत. कामगारांनी मोबाइलवर नकाशा बघून खणलं, तर नुसती माती. पाणी ताईच्या घरात शिरलं. शिलाई मशीनची मोटर गेली, लोकांचे शिवायला आलेले कपडे तरंगायला लागले. दाजी पायरीवर उभे. बोलले तर लबाडी उघडी, नाही तर घर बुडणार.

"अहो, सांगा ना त्यांना! तुम्हाला माहीत आहे ना?" ताई गुडघाभर पाण्यातून ओरडली.

दाजी खाली उतरले. पिनेपासून दहा पावलं चालले आणि टाच ठोकली. व्हॉल्व्ह तिथंच निघाला.

साहेबांनी आवाजही चढवला नाही. "उद्या दहाला या. सगळ्या पिना जागेवर आणा, नाहीतर पोलिसात तक्रार देतो."

दाजी माझ्या शेजारी बसले. पिन उचलायची, सरकवायची, सोडायची. तीस वर्षं पायांनी जमवलेलं दुपारच्या चहापर्यंत संपलं, इतकं ते सोपं आहे. मी प्रत्येक नंबर मोठ्यानं विचारत होतो. गरज नव्हती. पण बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

पंधरा दिवसांनी खात्यात फोन आला. दाजींचा इतका मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"चौथा दिवस आहे रे, नळाला थेंब नाही. कधी सुटेल?"

"वेबसाइटवर नकाशा आहे, दाजी. तुमच्या पिनेवर बोट ठेवा."

"ठेवलं. तिथं 'लवकरच' लिहिलंय."

ते चार दिवसांपूर्वी मीच लिहिलं होतं. आता कामगार नकाशावरची वेळ बघूनच चावी फिरवतात.

"मग लवकरच," मी म्हणालो.

मागून ताईचा आवाज आला, "आपला धाकटाच आहे ना फोनवर? मग काळजी नको, तो करेल काहीतरी."

मी फोन ठेवला.