बावीस शिवराया

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. माझी नेमणूक तेव्हा भिवंडीत होती. दिवाळीचा बंदोबस्त नुकताच उठला होता आणि टेमघरचे एक निवृत्त कारकून लाकडी पेटी छातीशी धरून पोलीस ठाण्यात आले. पेटीत तांब्याच्या बावीस शिवराया होत्या. मराठेशाहीतली ही नाणी त्यांनी तीस वर्षे खपून जमवली होती.

"साहेब, ही माझी नाणी नाहीत," ते पेटी टेबलावर ठेवत म्हणाले. "अस्सल माल काढून कुणीतरी नकली भरलाय. माझी पार काळपट होती. ही बघा, लखलखतायत!"

बाहेरच्या कुणाला पेटी दाखवली होती, असे विचारल्यावर त्यांनी चाचरत एका मित्राचे नाव सांगितले. तो धामणकर नाक्याजवळच्या कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करणारा जॉबर. त्यालाही नाण्यांचा नाद. दर रविवारी दोघे भिंग घेऊन तासन्‌तास बसत. संध्याकाळी आमच्या बातमीदाराने भर घातली, की हा जॉबर जुनी नाणी विकतानाही दिसतो. झाले! माझ्या मते चोर सापडला होता, फक्त कबुली बाकी होती.

दोन दिवस मी त्याला सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवला. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसे. मधूनमधून आत घेऊन मी आवाज चढवी.

"माल कुठाय?"

"साहब, कौनसा माल? उनके सिक्के को मैं हात लावताना पण रुमाल घेतो."

"एक्स्चेंज केलेस ना? कुणाला विकलेस?"

तो मान हलवी आणि गप्प बसे. असा गप्प बसणारा माणूस मुरलेला गुन्हेगार असतो, असा माझा पक्का समज होता. दुसऱ्या दिवशी त्याची शिफ्ट बुडाल्याचा मालकाचा फोन आला. कारण मी सांगून टाकले. त्या रात्रीपर्यंत कबुली मिळाली नाही तर अटक करायची, असे मी ठरवले होते.

दुपारी हवालदार म्हणाले, "साहेब, याला मुद्देमाल दाखवलाच न्हाय आपण." खरेच दाखवला नव्हता. मी पेटी त्याच्यापुढे उघडली. आता तोंड पडेल म्हणून मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

त्याने एक शिवराई कडेने उचलली आणि जवळजवळ ओरडलाच, "या अल्लाह! इनको धोया किसने?"

मग घाईघाईने सांगू लागला, की कारकूनसाहेबांच्या वहीत प्रत्येक नाण्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासलेला छाप आहे, तो जुळवून बघा. वही मागवली, दोन पंच बसवले. कड तुटलेली, अक्षर अर्धे कापलेले, एकेक खूण जुळत गेली. बावीसच्या बावीस नाणी तीच होती. चोरी झालीच नव्हती.

मी तडक टेमघरला गेलो. कारकुनांच्या पत्नी पदराने हात पुसत बाहेर आल्या. यांच्या मित्राला ठाण्यात बसवलाय, नाणी कुणी घासली, एवढेच मी विचारले आणि त्या रडू लागल्या.

"मीच घासली ओ. लक्ष्मीपूजनाला काळी नाणी कशी मांडायची? तांब्याची भांडी घासत होते, त्याच चिंच-मिठाने यांना पण उजळवलं. मग ह्यांनी चोरी चोरी म्हणून घर डोक्यावर घेतलं, माझी बोलायची छातीच झाली नाही. पण भाऊजींना धरलंय हे मला कुणी सांगितलंच नाही हो!"

दारात उभे कारकून सगळे ऐकत होते. जुन्या नाण्यावरचा काळा थर हाच त्याचा मान, तो घासला की नाण्याची किंमत उतरते, हे मला त्या दिवशी कळले. मित्राला ठाण्यात पाठवून आपण काय केले, हे त्यांना कळले असावे. ते माझ्याबरोबर ठाण्यात आले आणि जॉबरचे पाय धरू लागले. त्याने त्यांना उठवले आणि म्हणाला, "अब सिक्कों को तेल-वेल मत लगाना. वैसेच रहने दो." चहाला न थांबता तो निघून गेला.

चोर शोधण्याआधी चोरी झाली आहे का ते बघावे, हे मी पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला शिकवले. शिकवताना मी एक गोष्ट मात्र गाळत असे. जॉबरला सोडल्याच्या दुसऱ्या सकाळी मी स्वतः गणवेशात त्या कारखान्यात गेलो, माणूस निर्दोष आहे म्हणून सांगितले. मालकाने मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि मागांच्या खडखडाटात मोठ्याने म्हणाला, "साहेब, मी कालच दुसरा जॉबर ठेवला."