आत्या विमानात बसली तेव्हा

सकाळी गोडाऊनचं शटर वर करत होतो आणि गावाहून, अंजूरहून, फोन आला. हिराआत्या गेली. झोपेतच. माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते तिचं विमानाचं तिकीट... पुढच्याच आठवड्याचं होतं. दुबईला तिच्या एकुलत्या एका लेकीचं, सुनंदाचं, बाळंतपण होतं आणि आत्या ते करायला निघाली होती.

ही तीच आत्या, जी विमानाचं नाव काढलं की उठून आत जायची. आमच्याकडे नवी होडी खाडीत लोटण्याआधी नारळ वाढवतात. तिच्या यजमानांनी एकदा, भरती निघून जाईल म्हणून, नारळाआधीच होडी लोटली. होडी परत आली, ते आले नाहीत. सुनंदा तेव्हा पाळण्यात होती. त्यानंतर नारळ न वाढवलेल्या रिक्षातही आत्या बसली नाही. स्टँडवर ती रिक्षावाल्याची उलटतपासणी घ्यायची आणि आम्ही तोंड लपवत उभे! पण विमानाची चौकशी कुठे करणार? सुनंदाचे दिवस भरत आले, तसा तिकडे तिच्या जिवाला घोर आणि इकडे माझ्या.

मध्यंतरी कामासाठी दक्षिणेत जायचं होतं. तिथे महायुद्धाच्या काळातल्या जुन्या विमानतळावर विमानांचं संग्रहालय आहे. आत्याला रेल्वेनं सोबत नेलं. म्हटलं, उभ्या विमानात तरी बसवू. एका लढाऊ विमानापुढे ती थांबली आणि पिशवीतून नारळ काढून खाली वाकली. पहारेकरी धावतच आला, "माताजी, यहाँ नहीं!"

"इसको नारल दिया था क्या?" आत्यानं त्यालाच दरडावलं.

मला वाटलं, आता बाहेर काढणार. पण तो म्हातारा निवृत्त फौजी निघाला. "नया जहाज आता है तो पूजा होती है, माताजी. पहिये के पास फोड़ते हैं. मैंने खुद देखा है."

"सबका?"

"सबका."

जगातल्या सगळ्या विमानांची हमी त्यानं कशी दिली, देव जाणे. आत्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिली... मग पलीकडच्या मालवाहू विमानाची शिडी चढली. आत बाकावर बसून तिनं माझं मनगट असं आवळलं की नखं रुतली. "हललं तर?" "ते आता कधीच हलणार नाही गं!" मग म्हणाली, "पोरीला कोन हाय तिकडं? काढ तिकीट."

आत्या गेली तेव्हा सुनंदाला येता आलं नाही. इतके दिवस भरलेल्या बाईला विमानात घेईनात. फोनच्या पडद्यावर तिनं आईला शेवटचं पाहिलं. आता तिला मुलगी झाली आहे. जावयाला शिफ्ट चुकत नाही. बाळंतीण दिवसभर एकटी.

अंजूरला आत्याच्या खोलीत तिची बॅग भरलेलीच आहे; माझ्यादेखतच तिनं ती भरली होती. जुनी लुगडी फाडून, पुन्हा पुन्हा धुऊन मऊ केलेली दुपटी, वर बाळंतशोपा. ती बॅग घेऊन मी परवा निघतोय. मीही विमानात कधी उडालेलो नाही. आत्यापुढे मोठा धीट झालो होतो, आता दिवसातून चारदा तिकीट काढून बघतो. पण सुनंदा अजून विचारते, "दादा, आई खरंच येनार व्हती ना रे? का माझं मन राखायला हो बोलली?" फोनवर कितीदा सांगितलं, तिला पटत नाही. म्हणून ही बॅग न उघडता, तिनं बांधली तशीच, सुनंदाच्या हातात द्यायची आहे.