ब्रेक कोणाच्या पायाखाली

९ जून, सोमवार. वैशालीताईंनी आधीच्या ड्रायव्हिंग स्कूलला दिलेली फी चार हजार पाचशे. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बमरोलीच्या ऑफिसात आम्ही तिघे होतो: मी, वैशालीताई आणि त्यांचे यजमान. टेबलावरचा मोबाइल स्पीकरवर होता. पलीकडे आधीच्या स्कूलचे मालक.

"फी पाछी नहीं मळे, बेन. पंदर क्लास थई गया. टेस्टनुं हुं जोई लईश."

फी परत मिळणार नव्हती. फोन ठेवून ताई म्हणाल्या, "टेस्टचं ते बघतील. रस्त्यावर कोण बघेल?"

लर्निंग लायसन्स माणसाच्या नावावर असतं, स्कूलच्या नाही. त्यामुळे शिकवणारा बदलता येतो, एवढं मी सांगितलं. बदलायचं कारण विचारलं.

"एकटीनं गाडीत बसायचं म्हटलं की हातपाय गार पडतात, सर."

यजमान हजीऱ्याला प्लांटमध्ये शिफ्टला जातात. आठ वर्षांच्या मुलीला दमा. मागच्या महिन्यात तिचा श्वास अडकला तेव्हा ताईंचे पंधरा क्लास झाले होते, गाडी बिल्डिंगखाली उभी होती आणि ताई रस्त्यावर रिक्षांना हात करत होत्या. एकही थांबत नव्हती.

"पण हिचा हात चांगला आहे," यजमान म्हणाले. "पंधरा दिवसांत एकदाही गाडी बंद पडली नाही."

मला तिथेच शंका यायला हवी होती. नवशिक्याची गाडी क्लच सोडताना बंद पडतेच.

दुसऱ्या दिवशी मिलमागच्या रस्त्यावर माझी गाडी दोनदा बंद पडली. ताईंना नवल वाटलं. तिसऱ्यांदा निघालो. पुढे कापडाच्या ताक्यांनी भरलेला टेम्पो रिव्हर्स येत होता.

"ताई, ब्रेक."

त्यांनी स्टिअरिंग सरळ धरलं. चेहरा शांत. गाडी तशीच चालली होती.

"ब्रेक!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. टेम्पो आणि आमच्यात वीतभर जागा उरली. टेम्पोवाला उतरून ओरडला, "बेन, मारी नाखशो के शुं?"

मी विचारलं, "ब्रेक का नाही मारला?"

"तो आपोआप लागतो ना? तिकडे मी स्टिअरिंग आणि रेस बघायचे. सर म्हणायचे, बाकीचं टेन्शन घ्यायचं नाही."

शिकवायच्या गाडीत ड्युअल कंट्रोल असतो. म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक. तो अडचणीसाठी असतो. तिकडच्या सरांनी पंधरा दिवस गाडी स्वतःच चालवली होती, खालून. हे मी सांगितलं तेव्हा ताईंचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी चालवतच नव्हते?" मग हळू आवाजात, "घाबरून त्या दिवशी पोरीला घेऊन निघालेच असते तर?"

दार उघडून त्या चालत घरी गेल्या.

रविवारी यजमान त्यांना परत घेऊन आले. मिल बंद होत्या, रस्ता मोकळा होता. मी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घालून बसलो. हात हँडब्रेकवर ठेवला.

"सर, पाय खाली ठेवा ना."

"नाही. थांबवायची तर तुम्हीच."

"मागच्या सीटवर मी आहे हो!" यजमान म्हणाले. कोणी हसलं नाही.

वीस वर्षं हे काम करतोय, पण त्या रस्त्याएवढी भीती मला कधी वाटली नाही. गाडी जेमतेम दहाच्या स्पीडनं चालली होती. समोर एक म्हैस निवांत बसलेली. 'ब्रेक' मी म्हणणार नव्हतो. ताई पुटपुटत होत्या, "लागत नाही, लागत नाही," आणि मग त्यांना आठवलं असावं की ब्रेक आपोआप लागणार नाही. दोन्ही पाय एकदम क्लच आणि ब्रेकवर गेले. सीटबेल्टनं माझा खांदा काचला. म्हशीनं मान वळवून पाहिलं.

"थांबली," ताई म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

पुढे सहा क्लास झाले. मी मांडी सोडली नाही. ट्रॅकवरच्या टेस्टला गाडीत एकटंच बसावं लागतं. त्या पास झाल्या.

महिन्याभरानं दुपारी त्यांचा फोन आला. मुलीला दवाखान्यात घेऊन जाताना उधन्याजवळ एक रिक्षा आडवी आली होती. "ब्रेक मारला म्हणून फक्त त्याचा आरसा गेला, सर. पोरगी आता बरी आहे. नेब्युलायझर लावलंय."

स्कूल निवडताना बोर्ड बघू नका, शिकवणाऱ्याचे पाय बघा.

साडेचार हजार परत मिळाले नाहीत. मला पुढच्या सहा क्लासचे अठराशे मिळाले. आरशाचे दोनशे ताईंनी जागेवरच रिक्षावाल्याला दिले.