क्लचवरचा पाय

धनाजीराव शिर्के म्हणजे एक नंबरचा खडूस माणूस. वाघोडिया रोडवर त्यांचं ट्रॅक्टरचं गॅरेज. गिऱ्हाईकानं जरा शहाणपणा केला की "मग तूच कर ना बाबा!" म्हणून पाना त्याच्याच हातात द्यायचे. तरी आसपासचे पटेल आपले जुने ट्रॅक्टर घेऊन त्यांच्याकडेच यायचे. क्लच लावावा तर धनाजीकाकांनीच, असं सगळे म्हणायचे, आणि ते ऐकून स्वारी मिशीतल्या मिशीत हसायची.

आता हे काम एकट्याचं नव्हे. त्या जुन्या ट्रॅक्टरांना क्लचच्या जोडीला गिअरबॉक्सचाही एक ब्रेक असे. पेडल दाबलं की आधी क्लच सुटायचा आणि त्याच्यामागून ब्रेकनं फिरते गिअर थांबवायचे. ब्रेकला उशीर झाला तर गिअर टाकताना खर्रकन आवाज, घाई झाली तर सगळंच बिघडलं. म्हणून एकानं वर बसून पेडल हळूहळू दाबायचं आणि दुसऱ्यानं खाली आडवं पडून ब्रेक कुठं धरायचा ते ठरवणारा नट फिरवायचा.

वर बसायच्या त्यांच्या बायको, चिमणाबाई. रावपुऱ्यातल्या घरून दुपारचा डबा घेऊन यायच्या आणि पदर खोचून सीटवर चढायच्या. "दाब गं!" "दाबलंय की!" "अजून!" "अहो, झालं आता! आणि आमटी निवतेय तिकडे!" असं भांडत भांडत काम व्हायचं.

गेल्या उन्हाळ्यात चिमणाबाई गेल्या. ताप आला काय आणि गेल्या काय. घरात बोलायला कोणी नाही, गॅरेजात भांडायला कोणी नाही. धनाजीराव रेडिओवर खेकसायचे, पण रेडिओ थोडाच उलटून बोलतो?

अशात नटुभाई पटेल पेरणीआधी ट्रॅक्टर टाकून गेला. शेजारच्या टायरवाल्याला पेडल दाबायला बोलवावं, तर अभिमान आडवा आला. वर चढायचं, दाबून बघायचं, उतरायचं, खाली सरपटायचं. गुडघ्यांचं पार भुसकट झालं. पण संध्याकाळी गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडले आणि धनाजीराव खूश झाले. हात अजून शाबूत होता तर!

ट्रॅक्टर न्यायला आलेल्या नटुभाईनं आवारात एक चक्कर मारली आणि तोंड वाकडं करून उतरला.

"काका, आमां तमारो हाथ नथी."

म्हणजे यात तुमचा हात नाही. असं तोंडावर!

"डोकं फिरलंय का तुझं? माझ्याच हातानं लावलाय!"

"असेल. पण पहिलां पेडल अर्धं दाबलं की पुरायचं. आता पार तळाला न्यावं लागतं. शेतात दिवसभर पाय तुटून जाईल माझा."

धनाजीराव भांडायला उठले आणि त्यांची नजर पेडलवर गेली. चिमणाबाई बुटक्या. सीटवर बसल्या की पाय पेडलच्या तळापर्यंत पोचायचाच नाही. जिथं त्यांचा पाय थांबायचा, तिथं धनाजीराव ब्रेक लावायचे. एवढी वर्षं पटेल ज्याला वाखाणत होते तो हात नव्हताच, पाय होता. अरे देवा!

"थांब जरा," म्हणून ते सीटवर चढले, गुडघा वाकवला, पाय आखडला. इथं थांबायचा का? की जरा वर? उभा जन्म एकत्र काढला आणि बायकोचा पाय कुठवर पोचायचा ते ठाऊक नाही! खाली पडून त्यांनी कायम नटच बघितला होता. दोनदा फिरवून पाहिलं, नटुभाईनं दोनदा नकारार्थी मान हलवली.

"रहेवा दो काका, चालशे," तो शेवटी समजुतीनं म्हणाला आणि ट्रॅक्टर घेऊन गेला. धनाजीराव तिथंच भिंतीला टेकून बसले आणि लहान मुलासारखे रडले.

आठवड्यानं एक नवखा माणूस ट्रॅक्टर घेऊन दारात आला. "क्लच लावायचाय. तुमच्यासारखा कोणी लावत नाही म्हणतात."

धनाजीराव खेकसले नाहीत.

"लावणारी गेली, भाई," ते म्हणाले. "आता दुसरीकडे बघ."